पोथीपासून पुस्तकापर्यंत: चाळिशीत वाचायला लागणाऱ्यांसाठी, घरच्यांसकट

दोनशे पानांचं पुस्तक मी पहिल्यांदा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं तेव्हा मी ४१ वर्षांची होते. बारावीपर्यंत क्रमिक पुस्तकं वाचली होती, बी.कॉम.ला गाईडं वाचली होती, आणि पतसंस्थेत रोज खातेवह्या आणि परिपत्रकं वाचतच होते. पण पुढे काय होतं या ओढीनं पुस्तक उघडणं मला माहीत नव्हतं.

ते सुरू झालं सासूबाईंच्या डोळ्यामुळे. आषाढात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. नवा चष्मा महिना-दीड महिन्यानंच मिळणार होता आणि मध्येच श्रावण लागला. श्रावणात त्यांची पोथी असते, इतक्या वर्षांत खंड नाही. त्या म्हणाल्या, "तूच वाच गं, मी ऐकते." पहिले चार दिवस मी ओवीओवीला अडखळले. दुसऱ्या आठवड्यात मात्र दुपारी कामावर असताना मनात यायला लागलं की काल राजाला शाप मिळाला तिथे थांबलो, आता त्याचं काय होणार. पोळ्याच्या दिवशी पोथी फडक्यात बांधून देव्हाऱ्यात गेली. दुसऱ्या दिवशी साडेसहाला आम्ही दोघी सवयीनं चटईवर बसलो, आणि वाचायला काही नव्हतं. त्या आठवड्यात मी वाचनालयाची पायरी चढले.

त्याला आता चार वर्षं होतील. या काळात मैत्रिणींनी, शेजारणींनी, कामावरच्या दोघा-तिघांनी विचारलं की वाचायचंय पण जमत नाही, काय करू. त्यांना तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं ते इथे क्रमानं लिहिते आहे. घरात सासू-सासरे आहेत, मुलं आहेत, नोकरी आहे, ओटा आहे, अशा माणसांसाठी हे आहे. एकट्यानं, निवांत, खिडकीपाशी बसून वाचणाऱ्यांना यातलं बरंचसं लागणार नाही.

आधी डोळे

पुस्तक निवडण्याआधी डोळे तपासून घ्या. चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचं धूसर दिसायला लागतं. आपल्याकडे त्या चष्म्यालाच चाळिशी म्हणतात, तरी आपण ती लावायला दोन-तीन वर्षं टाळतो. मोबाईलवर अक्षर मोठं करता येतं म्हणून तिथे हे कळत नाही. छापील पान मात्र हात लांब करूनही नीट दिसत नाही, चार पानांत कपाळ दुखतं, आणि आपण म्हणतो, "मला वाचनात रस नाही." माझ्या ओळखीत अशा तीन जणी निघाल्या ज्यांची वाचनाची आवड चष्म्याच्या दुकानात सापडली.

तयार मिळणारी चाळिशी तात्पुरती चालते, पण तिच्या दोन्ही काचांचा नंबर सारखा असतो. आपल्या दोन डोळ्यांचे नंबर वेगळे असतील किंवा थोडा तिरपा नंबर असेल तर तिनं थकवाच येतो. शिवाय चाळिशीनंतर डोळ्यांचा दाबही तपासलेला बरा, त्यामुळे एकदा डॉक्टरांकडे जाच. ज्येष्ठांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये बसवलेली साधी लेन्स लांबचं दाखवते, वाचायला बहुधा वेगळा चष्मा लागतोच. ऑपरेशन झालं तरी अक्षर दिसत नाही म्हणून घाबरू नका आणि त्यांना "आता तरी वाचा" म्हणून टोचूही नका.

उजेडाचं सोपं आहे. छताचा दिवा डोक्यामागे असला की पानावर आपलीच सावली पडते. दिवा खांद्याच्या मागून, थोडा बाजूनं यायला हवा. आमच्या नाशिकमधल्या सिडकोच्या घरात एकच बैठकीची खोली आहे. तिथे मी टेबलावरचा एक साधा दिवा शोकेसवर ठेवला. त्याचा दुसरा फायदा नंतर कळला: रात्री सगळे झोपल्यावर मोठा दिवा न लावता वाचता येतं आणि कोणाची झोपमोड होत नाही.

वाचनालयाचं कार्ड काढा, पुस्तक विकत घेऊ नका

सुरुवातीला विकत घेतलेलं पुस्तक छळतं. तीनशे-चारशे रुपये घातलेले असतात, म्हणून आवडलं नाही तरी सोडवत नाही, आणि संपतही नाही. ते पुस्तक शोकेसमधून आपल्याकडे बघत राहतं आणि पुढचं आपण आणत नाही. वाचनालयाचं पुस्तक नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी परत करता येतं. ठरलेल्या तारखेला परत द्यायचं असतं हा हलका धाकही कामाला येतो.

नाशिककरांना यात काही कमी नाही. टिळक पथावरचं आपलं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, १८४० सालचं आहे. मुंबई-ठाणे रेल्वे धावली १८५३ मध्ये, म्हणजे रेल्वेच्याही आधी या गावात लोक वाचनालय चालवत होते. रविवार कारंज्यावर माझी नोकरी, तिथून चालत दहा मिनिटांवर हे, आणि वीस वर्षं मी त्याच्यासमोरून बस पकडायला गेले. पण सावानाच हवं असंही नाही. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्यानं सार्वजनिक ग्रंथालयांना मान्यता आणि अनुदान मिळतं, त्यांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. उपनगरांत आणि गावांत यातली लहान ग्रंथालयं आहेत. आपल्या घराच्या किंवा कामाच्या वाटेवरचं शोधा. मोठं पण लांबचं वाचनालय महिन्याभरात सुटतं, लहान पण वाटेवरचं टिकतं.

कार्ड काढायला गेल्यावर देवघेव विभागात हे विचारून घ्या: अनामत किती आणि ती परत मिळते का, महिन्याची वर्गणी किती आणि वर्षाची एकदम भरली तर सवलत आहे का, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, किती दिवसांत परत करायची, उशीर झाल्यास दंड किती, साप्ताहिक सुट्टी कधी, आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं. आधार कार्ड आणि दोन फोटो सोबत न्या. सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: मुक्तद्वार आहे का? म्हणजे कपाटांपर्यंत जाऊन स्वतः पुस्तकं चाळता येतात का? नव्या वाचकाला पुस्तकांची नावं माहीत नसतात. चिठ्ठीवर नाव लिहून द्या म्हटलं तर मी पहिल्याच दिवशी परत फिरले असते. मुक्तद्वार नसेल तर काऊंटरवरच्या माणसाशी ओळख करा. "मी पहिल्यांदाच वाचतेय, लहान आणि ओघवतं काहीतरी द्या" असं स्पष्ट सांगायला मला लाज वाटली होती. त्यांनी काहीही न विचारता तीन पुस्तकं पुढे ठेवली.

दिवाळी अंकांची योजनाही विचारा. बऱ्याच वाचनालयांत थोड्या जादा पैशांत दिवाळीनंतर काही महिने अंक घरी नेता येतात. नव्या वाचकासाठी दिवाळी अंकासारखं दुसरं काही नाही. एकाच अंकात कथा, कविता, लेख, मुलाखत, व्यंगचित्र सगळं असतं. कुठे आपलं मन रमतं ते दोन-तीन अंकांत कळतं.

कोणतं पुस्तक?

ज्याचं नाव सगळे घेतात ते आधी आणू नका. जाडजूड ऐतिहासिक कादंबरी लोक आदरानं सुचवतात, लग्नात-निवृत्तीत भेटही देतात. ती वाचायला वाचनाचा दम लागतो आणि दम हळूहळू येतो. पहिली पाच पुस्तकं दीडशे पानांच्या आतली घ्या. कथासंग्रह, व्यक्तिचित्रं, प्रवासवर्णन, साध्या भाषेतलं आत्मकथन. कथासंग्रहात एक कथा फसली तरी पुढची असते. आत्मकथनात माणूस खरा असतो, त्यामुळे पुढे काय झालं ते आपल्याला शेजारच्या घरातल्यासारखं कळून घ्यावंसं वाटतं.

कपाटाशी उभं राहून पहिलं पान वाचू नका, मधलं वाचा. पहिलं पान लेखकानं घासूनपुसून लिहिलेलं असतं. ऐंशीवं पान तुम्हाला ओढून घेत असेल तर पुस्तक न्या. एका पानात पाच-सहा शब्द अडत असतील तर सध्या ठेवा, वर्षभरानं पुन्हा हात लावा.

घरी आणल्यावर तीस पानं द्या. तीस पानांनंतर पुढे वाचावंसं वाटलं नाही तर बंद करा आणि परत द्या. हे मी ठळक सांगते, कारण ताटात घेतलेलं टाकायचं नाही या संस्कारात आपण वाढलो आणि तो पुस्तकालाही लावतो. पहिल्या वर्षी मी २२ पुस्तकं आणली आणि ९ पूर्ण वाचली. उरलेल्या १३ नी मला काय आवडत नाही ते शिकवलं.

आणि आपल्या जगण्याच्या जवळचं आणा. आमच्या ह्यांना कादंबरी म्हटलं की झोप येते. अंबडच्या कारखान्यात ते २४ वर्षं यंत्रांवर आहेत. त्यांना मी एका यंत्रउद्योजकाचं आत्मचरित्र आणून दिलं. दोन रात्रपाळ्यांच्या मधल्या सुट्टीत संपवलं. साहित्य म्हणून ते कितपत चांगलं आहे हा प्रश्न मी मनातही आणला नाही.

वेळ कुठून आणायचा

वेगळा तास काढायचा ठरवलात तर तो मिळणार नाही. दिवसात आधीपासून पडून असलेले तुकडे शोधा. एका साध्या मराठी पुस्तकाच्या पानावर साधारण २५० ते ३०० शब्द असतात. सवय नसलेल्या माणसाला पानाला दोन मिनिटं धरा. वीस मिनिटांत दहा पानं झाली. रोज दहा म्हणजे वर्षाला ३,६५० पानं, म्हणजे दोनशे पानांची अठरा पुस्तकं. अर्धे दिवस बुडाले तरी नऊ.

माझे तुकडे असे: त्रिमूर्ती चौकातून कामावर जाताना सिटीलिंकच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली तर, डबा खाल्ल्यावरची दहा मिनिटं, धाकट्याचा क्लास सुटायची वाट बघताना. स्वयंपाकघरात वाचायचा प्रयत्न करू नका. मी दोनदा आमटी करपवली आणि वाचनालयाच्या पुस्तकावर तेलाचा डाग पाडला.

तुमचे तुकडे शोधायला तीन दिवस एक कागद जवळ ठेवा. ज्या ज्या वेळी मोबाईल नकळत हातात येतो ती वेळ लिहा. माझ्या कागदावर तिसऱ्या दिवशी ११ नोंदी होत्या. मग त्यातल्या दोनच जागी पुस्तक ठेवलं: पर्समध्ये आणि पलंगाच्या उशाशी. मोबाईल रात्री साडेनऊनंतर फ्रिजवर जातो. घरातल्या इतरांना मी हा नियम लावला नाही.

घरच्यांशी बोलणं

हा भाग सगळ्यात कठीण आणि बहुतेक ठिकाणी वाचन इथेच सुटतं, विशेषतः बायकांचं.

टीव्हीसमोर बसलेली बाई कुणाच्या डोळ्यात येत नाही, कारण तिच्या हातात तेव्हा लसूण असतो, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या असतात. पुस्तक दोन्ही हात मागतं आणि डोळेही मागतं. त्यामुळे पुस्तक घेऊन बसलेली बाई म्हणजे रिकामी बाई असा घराचा हिशेब असतो. मला कोणी रागावलं नाही. फक्त मी पुस्तक उघडलं की हाका यायच्या. मोजे कुठे आहेत, चहा टाकतेस का, ती पावती कुठे ठेवलीस. चिडून मी काही दिवस न्हाणीघरात पुस्तक नेलं. तो मार्ग धरू नका. लपून केलेली गोष्ट घराची होत नाही आणि आपल्यालाही ती चोरीच वाटत राहते.

उपयोग झाला तो उघड मागण्याचा. एका रविवारी मिसळ खाऊन घरी आलो, सगळे खुशीत होते, तेव्हा मी म्हटलं, "मला रोज रात्री नऊ ते साडेनऊ वाचायचंय. तेवढा अर्धा तास मला हाक मारू नका. तुमचाही असा अर्धा तास सांगा, मी हाक मारणार नाही." हे म्हणाले, मला सकाळी पेपर आणि चहा, मध्ये कोणी बोलायचं नाही. थोरलीनं संध्याकाळचा फोन मागितला. धाकट्यानं क्रिकेट. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "मला काही नको, मला तू वाचून दाखव." प्रत्येकाला काहीतरी मिळालं म्हणून माझं मागणं एकटं पडलं नाही.

तुमच्या घरी हे बोलताना तीन गोष्टी सांभाळा. वेळ नेमकी सांगा. "मला जरा वाचू द्या" याला कोणी वेळ समजत नाही. ती वेळ घराच्या गर्दीची नको. सात ते साडेआठ मागाल तर भांडण ठरलेलं. आणि पहिला महिनाभर ती पाळा, तुम्हाला त्या दिवशी वाचावंसं वाटलं नाही तरी. आपणच दोनदा उठून भांडी आवरली की घर समजतं, हे काही खरं नव्हतं. हाका बंद व्हायला आमच्याकडे साधारण सहा आठवडे लागले. सिंकमधल्या भांड्यांकडे पाठ करून बसायला मला त्याहून जास्त लागले.

ज्यांच्या घरी बाळ आहे, अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, त्यांना अर्धा तास मागणंही शक्य नसतं हे मला ठाऊक आहे. त्यांनी हा भाग सोडून थेट पुढचा वाचावा.

मोठ्यानं वाचणं

मनातल्या मनात वाचण्याची सवय आपल्या घरांत तशी अलीकडची. त्याआधी कितीतरी पिढ्या एकजण वाचायचा आणि दहाजण ऐकायचे. चातुर्मासात पोथी लागायची, वाचणारा पाटावर, ऐकणाऱ्या बायका वाती वळत, धान्य निवडत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांनाही शिवलीलामृताचा अकरावा अध्याय तोंडपाठ असायचा, तो ऐकून. आमच्या आई चौथी शिकल्या आहेत आणि त्यांना गोष्टीची जी समज आहे ती मला पुस्तकं वाचूनही अजून आलेली नाही. पोथीची रीत साध्या पुस्तकाला लावायची, एवढंच मी केलं. तुम्हीही करून बघा.

वेळ ठरलेली हवी. आमची दिवेलागणीनंतर, शुभंकरोती झाल्यावर, वीस मिनिटं. मोठ्यानं वाचायला पानाला तीन मिनिटं लागतात, म्हणजे सात पानं. दोनशे पानांचं पुस्तक महिन्यात होतं. पोथीचा अध्याय असतो तसं रोजचं थांबायचं ठिकाण आधी बघून ठेवा. पेन्सिलीची खूण नको, वाचनालयाचं पुस्तक आहे, कागदाची पट्टी घाला. थांबायचं ते गोष्ट रंगात आलेली असताना. "आज एवढंच" म्हटल्यावर ऐकणाऱ्यानं कुरकुर केली पाहिजे.

ऐकणाऱ्याचे हात मोकळे ठेवू नका. आमच्याकडे आई मेथी निवडतात, शेंगा सोलतात, थोरली कधी नखं रंगवते. हात कामात असले की कान मोकळे होतात. आणि कामही होतं, त्यामुळे हा वेळ वाया गेला असं घरात कुणालाच वाटत नाही.

वाचताना नाटकी होऊ नका, पण दोन माणसं बोलत असतील तर कोण बोलतंय ते कळू द्या. कठीण शब्द आला की थांबून अर्थ सांगू नका, पुढच्या वाक्यात बहुतेक वेळा उलगडतो. आईंना वऱ्हाडी किंवा मालवणी संवाद आले की आधी कळायचे नाहीत. तेव्हा मी ते वाक्य सावकाश दोनदा वाचायची. आता त्याच मला अर्थ सांगतात. लांबलचक वर्णनं मी बेधडक गाळते. पोथी वाचणाऱ्यानं ओवी गाळली तर पाप, पण इथे चालतं.

सुरुवात कशानं करावी हे विचाराल तर मी एक नाव घेते, कारण ते नाशिकचं आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली इथल्या तुरुंगात लिहिलं. त्याची प्रकरणं म्हणजे एकेक रात्र आहे. आश्रमातली मुलं जमतात आणि श्याम गोष्ट सांगतो. म्हणजे ते पुस्तक जन्मालाच ऐकण्यासाठी आलं आहे. रोज एक रात्र. आमच्याकडे सातव्या-आठव्या दिवशी हे दुसऱ्या खोलीतला टीव्ही बंद करून दारात येऊन उभे राहिले. बसले नाहीत. पुढच्या आठवड्यात बसले.

ह्यांची दुसरी पाळी असली की त्यांची पानं चुकतात. त्यासाठी मी वाचताना फोनवर रेकॉर्ड करून ठेवायला लागले. घरी येताना ते गाडी चालवत ऐकत नाहीत, तसं करूही नये. रात्री जेवताना ऐकतात. त्यात मध्येच कुकरची शिट्टी, धाकट्याचं हसणं, आईंचं "अगंबाई" असं सगळं आहे.

मुलांना वाचायला लावायचं नाही

"तुझ्या वयाच्या मुली किती वाचतात" हे वाक्य मी थोरलीला एकदा ऐकवलं आणि त्यानंतर दोन महिने तिनं पुस्तकाला हात लावला नाही. वाचन हे अभ्यासाचं दुसरं नाव झालं की संपलं. वाचून झाल्यावर प्रश्न विचारू नका, तात्पर्य विचारू नका, सुंदर शब्द वहीत लिहायला सांगू नका. तेच पुस्तक चौथ्यांदा वाचत असेल तर वाचू द्या.

करायचं एवढंच: मुलांचं वेगळं कार्ड काढा, त्यांच्या नावाचं. पुस्तक त्यांनी निवडायचं, आपण तोंड उघडायचं नाही. भुताचं असो, क्रिकेटचं असो. आणि मुलांची पुस्तकं त्यांच्या हाताला येतील अशी ठेवा, टीव्हीखालच्या खणात, शोकेसच्या वरच्या कप्प्यात नव्हे.

मुलं इंग्रजी माध्यमात असतील तर एक वेगळी अडचण असते आणि ती आळस समजली जाते. माझा धाकटा तिसरीत मराठी नीट बोलायचा, पण वाचताना जोडाक्षराशी येऊन अडायचा. डोकं गोष्टीच्या पुढे पळायचं आणि डोळे 'उत्कंठा'पाशी अडकायचे, त्यात मजा संपायची. त्याच्याबरोबर मी एक परिच्छेद मी, एक तू असं वाचलं. माझ्या परिच्छेदात गोष्ट पुढे सरकायची, त्याच्यात सराव व्हायचा. अडला की लगेच शब्द सांगून टाकायचा, "बघ, जोडून वाच" म्हणायचं नाही. चार महिन्यांत तो परिच्छेदावरून पानावर आला. या वयाला बालभारतीचं 'किशोर' मासिक फार उपयोगी पडतं. ते १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. अक्षर मोठं, चित्रं सुंदर, मजकूर लहान. मी माझ्या लहानपणचे अंक शोधून काढले आणि त्याला दाखवले. त्याला त्यातल्या जाहिरातीच जास्त आवडल्या. चाललं.

वही

एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, आणि एक ओळ. ओळ कशीही चालेल: "आजोबांचं मरण वाचताना बसमध्ये रडू आलं", "कंटाळा, ४० पानांवर सोडलं". दुसऱ्या वर्षी तीच दोन पुस्तकं पुन्हा आणायची वेळ येत नाही.

गावातलं वाचन

घराची घडी बसली की बाहेर बघा. टिळकवाडीतल्या कुसुमाग्रज स्मारकात कार्यक्रम होत असतात. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा, जन्मदिवस २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन, त्या सुमारास तर असतातच. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. सहकुटुंब जाण्यासारखी आहे, नदीकाठी बसून ऐकायचं, पैसे लागत नाहीत. आईंना आम्ही गुडघेदुखीमुळे नेत नव्हतो. घडीची खुर्ची सोबत नेली आणि प्रश्न मिटला. मुंबई-आग्रा महामार्गावर ओझरजवळ भीमाबाई जोंधळे या आजींचं पुस्तकांचं हॉटेल आहे. जेवण येईपर्यंत टेबलाशी बसून पुस्तक वाचायचं. मुलांना तिथे न्या, "वाचायला नेतोय" असं न सांगता, जेवायला म्हणून.

सोसायटीत किंवा कामावर वाचणारे जमले तर कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' ही योजना माहीत असू द्या. २००९ मध्ये विनायक रानडे यांनी ती नाशिकमध्ये सुरू केली. पुस्तकांनी भरलेली पेटी वाचकांच्या गटाकडे येते आणि काही महिन्यांनी गट आपसात पेट्या बदलतात. इथून ती देशात आणि परदेशातही गेली. तेवढा गट नसेल तर लहानसं असं करा: दिवाळीत पाच घरांनी प्रत्येकी दोन वेगवेगळे अंक घ्यायचे, दर पंधरा दिवसांनी पिशवी पुढच्या घरी. आमच्या गल्लीत हे तीन वर्षं चाललं आहे. पिशवीत एक कागद असतो, त्यावर घरानं आवडलेल्या कथेसमोर टिकमार्क करायचा. पहिल्या वर्षी एका काकांनी अंक दोन महिने अडवून ठेवले. तेव्हापासून तारीख कागदावर लिहितो, तोंडी सांगत नाही.

खंड पडला तर

पडतोच. थोरलीचं दहावीचं वर्ष, दिराचं लग्न, आणि दरवर्षी पतसंस्थेचा मार्च. मार्चमध्ये मी रात्री नऊला घरी येते, अक्षर नको वाटतं. त्या महिन्यात पुस्तक मी वाचनालयात परत देऊन टाकते, उशाशी ठेवत नाही. न वाचलेलं पुस्तक रोज डोळ्यासमोर राहिलं की पुन्हा सुरू करणं जड जातं. कार्ड मात्र बंद करू नका, वर्गणी भरत राहा.

पुन्हा सुरू करताना अर्धवट राहिलेल्या जाड पुस्तकाकडे जाऊ नका. पातळ कथासंग्रह आणा, एक कथा वाचा. अर्धवट राहिलेलंच वाचायचं असेल तर सोडलं त्याच्या वीस पानं मागे जा, माणसं ओळखीची होऊ द्या. आणि मोठ्यानं वाचणं आधी सुरू करा, स्वतःचं नंतर. आपल्याला कंटाळा आला तरी साडेसहाला ऐकणारं माणूस येऊन बसतं.

यंदा मार्चअखेर आटोपून मी पहिल्यांदा लवकर घरी आले तेव्हा आईंनी मेथीची जुडी आणि सूप आधीच चटईवर मांडलं होतं. त्यांचा चष्मा त्यांनी पुसून पुस्तकावर ठेवला होता. म्हणाल्या, "पहिलं अर्धं पान मी वाचते. मग तू."